आठ टेबलं, चार सुऱ्या

ह्या शहरात जेवायला कुठं जावं हे विचारायचं असेल, तर मला विचारा. ताट समोर आलं की फोटोसाठी खुर्चीवर चढणाऱ्यांना विचारू नका. त्यांना जेवण कळत नाही आणि खुर्चीही कळत नाही. मी पंचवीस वर्षं हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावतोय. भटारखान्याच्या मागच्या दारानं शिरतो, त्याच दारानं निघतो. सुरी हातात घेतली की आत काय चाललंय ते मला कळतं.

काचेच्या इमारतीत विसाव्या मजल्यावर आहे ते? तिथल्या सुऱ्या वर्षातून एकदा येतात आणि अंगावर ओरखडा नसतो. म्हणजे भाजी चिरलेलीच पिशवीतून येते, आणि तुम्ही खिडकीतला देखावा खाऊन घरी जाता. स्टेशनासमोर सुरीनं डबे फोडतात, सगळ्या सुऱ्यांची टोकं मोडलेली. तिथं पाणीसुद्धा पिऊ नका. कोर्टामागचा पाववाला चांगला, त्याच्या सुऱ्या महिन्याला येतात आणि धुऊन येतात.

आणि बाईंचं. चपलांच्या गल्लीतलं, आठ टेबलांचं. बाई स्वतः रांधतात. मंगळवारी दुपारी हॉटेल बंद असतं, तेव्हा त्यांच्या चार सुऱ्या माझ्याकडे येतात आणि पाचच्या आत मी परत नेऊन देतो. एकोणीस वर्षं. चारही एकदम, कारण एक तेज नि एक बोथट हे बाईंना खपत नाही. जोडीला आणखी घेऊन ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "तू मेलास की घेईन."

मग दादाचा फोन आला, अकरा वर्षांनी इकडे येणार म्हणून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. "आयुष्यभर दगडावर लोखंड घासायचंय का?" असं बाबांच्या तोंडावर बोलून तो दूरच्या शहरात विमा कंपनीत गेला. बाबा गेले, दुकान माझ्याकडे आलं, आणि आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं.

"मंगळवारी येतोय, बुधवारी सकाळची गाडी आहे," दादा म्हणाला. "बाहेरच जेवू. तू तिथलाच ना, बघ एखादं चांगलं ठिकाण."

तू तिथलाच ना! मी ठरवलं, ह्या माणसाला असं जेवू घालायचं की त्यानं तोंडानं म्हटलं पाहिजे, ह्या शहरात तू कोणीतरी आहेस. एवढंच हवं होतं मला. लाज कशाला धरू?

मंगळवारी चारलाच दुकान बंद केलं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सातला दादा-वहिनी आणि आम्ही नवराबायको, असे चौघं बाईंच्या हॉटेलात पुढच्या दारानं शिरलो. पुढच्या दारानं मी पहिल्यांदाच शिरत होतो. बायको कानात म्हणाली, "अहो, इथं पंखा तरी आहे का?" मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

पांढऱ्या मिश्यांचे वेटरकाका आले. मी जातो ती वेळ हॉटेल बंद असण्याची, म्हणून ते मला ओळखत नव्हते, मी त्यांना.

"काय आहे आज?" मी ऐटीत विचारलं.

"उकडलेली अंडी आहेत. अख्खी."

"बरं, आणि?"

"उकडलेले बटाटे. अख्खे. मासा आहे, तोही अख्खा. कांदा हवा असेल तर बुक्कीनं फोडून देतो."

वहिनी हसायला लागल्या. दादानं चष्मा पुसला. "ही इथली खासियत का रे?"

वेटरकाकांनी कपाळाला हात लावला. "काय सांगू साहेब, तो धारवाला आमच्या सगळ्या सुऱ्या घेऊन बसलाय. दुकानाला कुलूप, फोन उचलत नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बाई म्हणतायत, मेला तरी असेल, नाहीतर मी मारीन."

फोन मी घरी चार्जिंगला लावला होता. आणि चार सुऱ्या दुकानात, कापडात गुंडाळून. बाजूच्या टेबलावर एक मास्तर अख्खा बटाटा चमच्यानं खांडत होते. गप्प बसलो असतो तर दादाला कळलंही नसतं. अंडी खाऊन आम्ही घरी गेलो असतो.

पण बाई आत हातानं टोमॅटो फाडत असणार.

मी उभा राहिलो. "काका, तो धारवाला मीच. बाईंना सांगा, जिवंत आहे. वीस मिनिटं द्या."

अख्खं हॉटेल माझ्याकडे बघत होतं. आतून बाईंचा आवाज आला, "कोण? तो? पुढच्या दारानं आलाय? बसलाय? जेवायला?"

मी पळालो. कोपऱ्यावर मागं बघतो तर दादाही पळतोय, पोट सावरत.

"तू कशाला?"

"अंडी खाऊ तिथं? चल!"

दुकान उघडलं. तीन सुऱ्या जवळजवळ तयार होत्या. चौथी घाईत राहून गेली होती. मी त्या तिन्हींवर शेवटचा हात फिरवायला घेतला, तेवढ्यात दादा बाबांच्या पाटावर बसला.

"चाक तेच?"

"दगड तीनदा बदललाय. पाट तोच आहे."

त्यानं बाह्या सारल्या, पायानं चाक फिरवलं आणि चौथी सुरी टेकवली. पहिला आवाज कर्कश आला. दुसरा सुरात. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळं पाणी उडत होतं आणि त्याची जीभ दातांत आली होती, लहानपणी यायची तशी.

परत आलो तर बाई हॉटेलच्या दारातच उभ्या होत्या. शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही, पण चांगल्या होत्या. मग एकेक सुरी टोमॅटोवर टेकवून बघितली. चौथीला थांबल्या.

"ही तुझी नाही."

दादाचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा झाला.

"दगडावर उभी धरून लावलीय. तू जरा आडवी धरतोस." बाईंनी सुरी दिव्याकडे धरली. "गाजराला हीच बरी. कोणी लावली?"

"माझ्या थोरल्या भावानं," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, थोडा जळलोसुद्धा.

मग जे जेवलो! कांदा इतका पातळ की बशीतली निळी वेल दिसत होती. मास्तरांनी पहिल्यापासून पुन्हा मागवलं. गाजर आलं की दादा सगळ्यांना सांगायचा, "हे माझ्या सुरीचं." वहिनी म्हणाल्या, "बढती मिळाली तेव्हा एवढी फुगली नव्हती छाती."

बाहेर पडताना दादानं शर्टावरच्या डागाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"ही बाई तुझ्याशिवाय कांदा चिरत नाही. एकोणीस वर्षं. माझ्या ऑफिसात मी आठवडाभर गेलो नाही तर कोणाला कळतही नाही."

मला हवं होतं त्याहून ते जास्तच झालं होतं.

"सकाळचं तिकीट रद्द करतो," तो म्हणाला. "तू जेवताना सांगत होतास, त्या कोर्टामागच्या पाववाल्याच्या सुऱ्या कधी येतात?"

"उद्या नऊला. शर्ट जुना घाल."