चालकाचं नाव

आई गेली, आणि दोन महिन्यांनी कोर्टाची तारीख आली. दावा माझ्यावर होता, कारण गाडी माझ्या नावावर होती. चालवली होती आईने. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या जागेत पेशंटना गाडी फुकट लावता येते. अट एकच: आत काउंटरवरच्या यंत्राच्या पडद्यावर गाडीचा नंबर टाकायचा. तो टाकला नाही म्हणून पार्किंगवाल्या कंपनीने दंड लावला, आणि दंड थकला म्हणून एकशे सत्तर पौंडांचा दावा.

मी तो दंड पहिल्याच पत्राला भरून मोकळी होणार होते. आईनेच अडवलं.

"का भरायचा? मी नंबर टाकला होता."

"आई, टाकला असतास तर हे पत्र आलं असतं का?"

"अगं, बोटाने टाकला. त्या काचेवर. त्याने मला थँक्यूसुद्धा म्हटलं."

"ते यंत्र आहे. ते कुणालाही थँक्यू म्हणतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"खोटं नाही गं. विसरतेस."

तिने स्वतःचा अर्धा चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळून ठेवला. नंबराचा विषय माझ्यापाशी तिने पुन्हा काढला नाही.

तरीही दंड मी भरला नाही, लढायचंच ठरवलं. माझ्या हिशेबाने ते तिच्यासाठीच होतं. अशा दाव्यांत मुरलेले लोक सांगतात, गाडी कोण चालवत होतं ते कधीही लिहू नका, नाहीतर कंपनी त्या माणसामागे लागते; फक्त 'चालक' म्हणा. मी तसंच निवेदन केलं. पाटीवरची अक्षरं बारीक होती. पडदा माहितीपत्रकांच्या मागे दडलेला होता. सबब चालकाला तो दिसला नाही. खाली 'वरील मजकूर सत्य आहे' म्हणून सही.

आईने ते चष्मा लावून वाचलं होतं. "हा चालक कोण?"

"तूच."

"मग नाव घाल ना. मला काय नाव नाही?"

तिचं नाव एनिड थर्लवेल.

कोर्टात माझ्याबरोबर डोरीनमावशी आली. अंगात अंत्यविधीला घातलेलाच कोट. "काळा एकच आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "मयताला काय, कोर्टाला काय. आणि तू अशी मान खाली घालून बसू नकोस, फ्रान्सिस. चोरी केल्यासारखी दिसतेस."

खोली लहान होती, शाळेच्या स्टाफरूमसारखी. एक लांब टेबल, टोकाला न्यायाधीश बाई, समोर कंपनीने पाठवलेला तरुण वकील, लँगरिज. मावशी मागे भिंतीजवळ बसली.

बाईंनी कागद वाचून ठेवले होते. "मिस्टर लँगरिज, तुमच्याच फोटोत पाटी मला भिंग घेऊन वाचावी लागली. पडदा तर कुठे दिसतच नाही. प्रतिवादी म्हणतात, चालकाला तो दिसला नाही. याला तुमच्याकडे उत्तर काय?"

लँगरिज कागद चाळू लागला. आपण जिंकतोय हे मला कळलं. मागे मावशीने समाधानाने नाक ओढलं.

"ते शोधताहेत तोवर," बाई माझ्याकडे वळल्या, "नोंदीसाठी गाडीचा नंबर तुमच्या तोंडून सांगा."

मी सांगितला, "के एच एन पाच दोन सात पी."

लँगरिजने मान वर केली. "ही ती गाडी नाही."

"किपर, हॅडॉक, नाही पुडिंग!" मागून मावशी म्हणाली. "अगं, ती बॉबची तपकिरी गाडी!"

"मागच्या बाई, इथे प्रेक्षकांनी बोलायचं नसतं."

"चुकलं, बाईसाहेब. पण ती तर कधीच भंगारात गेली."

बॉब म्हणजे माझे वडील. मी लहान असताना आम्ही सॉल्टबर्नच्या किनाऱ्यावर जायचो तेव्हा आई गाडीतून उतरायच्या आधी माझ्याकडून हे म्हणवून घ्यायची. हरवलीस तर पोलिसाला गाडीचा नंबर सांगायचा. के म्हणजे किपर, एच म्हणजे हॅडॉक, एन म्हणजे नाही, मग पाच दोन सात, आणि शेवटी पी, पुडिंग. दोन मासे खा, पण पुडिंग मिळायचं नाही. त्यानंतर घरात किती गाड्या आल्या आणि गेल्या, दुसरा एकही नंबर मला पाठ झाला नाही.

तिलाही नसणार झाला.

"गडबडीत होतं असं," बाई समजुतीने म्हणाल्या. "कागदावर बघून सांगा."

कागद माझ्यासमोरच होता. त्यावरचा नंबर वाचला असता तर काम संपलं असतं. मी तोंड उघडलं, पण नंबर वाचवेना.

"माझ्या निवेदनात एक गोष्ट खरी नाही," मी म्हटलं. "चालक माझी आई होती, एनिड थर्लवेल. तिला पडदा दिसला होता. तिने त्यावर नंबर टाकला होता. मी आत्ता सांगितला तोच."

लँगरिज पुढे सरसावला. "म्हणजे प्रतिवादीचा बचावच उरत नाही." तो बरोबर बोलत होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे निवेदनात का नाही? सत्य म्हणून सही तुमची आहे."

"आईने सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही."

कान तापले होते.

"त्या स्वतः येऊ शकतील?"

"ती वारली."

"मग त्या काय म्हणाल्या होत्या ते सांगा. त्यांच्या शब्दांत."

मी सांगितलं. बोटाने टाकला. त्या काचेवर. त्याने मला थँक्यूसुद्धा म्हटलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "मिस्टर लँगरिज, चुकीचा नंबर टाकला तरी पडदा आभार मानतो?"

"हो. कुठलाही टाकला तरी."

"म्हणजे चूक झाली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तो नंबर त्या दिवशी खरंच टाकला गेला का, हे तुम्ही आज दाखवू शकत नाही. आणि यांनी तो सांगितला तो कसा, हे आपण सगळ्यांनी ऐकलं. मिसेस थर्लवेल यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवते. दावा फेटाळला." त्या माझ्याकडे वळल्या. "सही करताना यापुढे विचार करा."

आईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा वेळात त्यांना जे जमलं ते मला तिच्या स्वयंपाकघरात बसून जमलं नव्हतं.

बाहेर मावशीने कोटाची बटणं लावली. "जिंकलीस की गं. तोंड का असं?"

"तुला ती म्हणाली होती? नंबर टाकला म्हणून?"

"शंभरदा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तीच म्हणाली, नको, फ्रान्सिस एवढी मेहनत घेतेय, तिला उगाच वाईट वाटेल." मावशीने रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही. "चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटली होती. दंड भरून मोकळं व्हायचं सोडून आमची पोर माझ्या शब्दाखातर कोर्टात उभी राहतेय म्हणून."

फाइल माझ्या काखेत होती. त्यात पानोपानी 'चालक' लिहिलं होतं.

"चहा घेऊ या कुठेतरी," मावशी म्हणाली.

मी हो म्हटलं, पण जागची हलले नाही.