ओताकारचा टाका

मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे, आणि माझा जन्मच मार खाऊन झाला. मित्रांनो, तुम्हाला जन्मल्यावर कुणीतरी कुशीत घेतलं असेल. मला ओताकारने हातोड्याने बडवलं! चेकोस्लोव्हाकियात, मोराव्हियातल्या एका खेड्यातल्या शेडमध्ये, डेअरीच्या फुटक्या दुधाच्या टाक्या कापून त्याने माझं अंग घडवलं. सहा महिने ठणाठण चालली होती. दोन शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. पण बाहेर पडले तेव्हा अशी काही दिसत होते म्हणता! पिवळीधमक, बुटकी आणि भांडखोर.

पहिल्याच शर्यतीत मी एक कुंपण, एक गवताची गंजी आणि ओताकारचे पुढचे दोन दात उडवले. त्याला मी तरीही आवडायचे.

मग आली १९७१ची परदेशातली शर्यत. युगोस्लाव्हियात समुद्राच्या कडेने डोंगरावर चढत जाणारा रस्ता. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. सरावात मी एका खडकावर आदळले आणि माझ्या स्टिअरिंगचा दांडा काडीसारखा मोडला. ओताकार धावत गावातल्या लोहाराकडे गेला. तिथल्या मोडक्या लोखंडी खाटेची कांब त्याने कापली, दोन तुकड्यांच्या मध्ये बसवली आणि जोडून टाकली. दुसऱ्या दिवशी आमचा दुसरा नंबर आला! घरी परतलो तर सगळं खेडं तो जोड बघायला लोटलं. त्याला नावच पडलं, 'ओताकारचा टाका'.

पुढे ओताकारचा संसार झाला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यात ढकललं. एकदा कोल्हा शिरला आणि माझ्या सीटवर त्याने नऊ कोंबड्या फाडल्या. ते रक्त कुणी पुसलंही नाही. वीस वर्षं मी तशीच होते, मित्रांनो. तशीच!

मला बाहेर काढलं ते ओताकारच्या मुलांनी. राडोवान बेकरीवाला, दोन्ही हात भट्टीच्या चटक्यांनी भरलेले. त्याची मोठी बहीण ड्राहोमीरा गुरांची डॉक्टर. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई ती, माझ्या पोटाचं तिला काय! दोघांनी माझं सगळं बदललं. फक्त टाका नाही. त्यावर रंगही नाही, तो दिसला पाहिजे ना! शिवाय प्रत्येक शर्यतीआधी बापलेकं तिघंही बिअरमध्ये बोट बुडवायचे, टाक्यावर पुसायचे आणि उरलेली प्यायचे. मला वाटायचं, काय हे लाड! तो ओलावा आत मुरत होता, हे मला तरी कुठे कळत होतं?

गेल्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा त्याच डोंगरावर गेलो. राज्य बदललं होतं, नाणी बदलली होती, भिंत तीच होती. ओताकार आता सत्याहत्तरचा. सरावात सातव्या वळणावर माझ्या पोटातून 'किर्र' असा आवाज आला. मी ओरडतच होते हो! ऐकलं फक्त ड्राहोमीराने. दिवा घेऊन ती माझ्याखाली शिरली.

"बाबा, टाक्याला केसाएवढी चीर दिसतेय. मी हा कापून नवा दांडा घालते."

"ताई, त्याला करवत लावलीस तर तुझं तोंड बघणार नाही," राडोवान म्हणाला.

"माझं तोंड बघायला तू जिवंत राहायला हवास, गाढवा!"

राडोवानने हातातला पाना दाणकन जमिनीवर आपटला. "बाबांचा हात लागलाय त्याला! बाबा, तुम्हीच सांगा हिला."

ओताकारने तोंड उघडलं. तेवढ्यात तिथला एक म्हातारा टोपी काढून पुढे आला. "हाच का हो तो टाका? मी पोरगा होतो तेव्हा पाहिला होता."

ओताकारची छाती फुगली. "हाच! अर्धशतक उलटलं. अजून हलला नाही."

त्याने बोट बिअरमध्ये बुडवलं. टाक्यावर पुसताना ते बोट चिरेच्या अलीकडेच थांबलं. मला ते जाणवलं.

राडोवान चाकावर बसला, निशाण पडलं आणि मी सुटले. इंजिन डरकाळ्या फोडत होतं, खडी गोळ्यांसारखी अंगावर बसत होती. खोटं कशाला सांगू, मजा येत होती! सहा वळणं मी ओरबाडून काढली. सातव्यावर टाका तुटला.

राडोवानच्या हातातलं चाक रिकाम्या पातेल्यातल्या पळीसारखं गरगर फिरलं. मी भिंतीवर आदळले. उसळले. पुन्हा आदळले. माझा पत्रा कागदासारखा फाटला आणि त्याच्या मांडीत घुसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझं नाक समुद्रावर लोंबकळत थांबलं आणि मागून भडका उडाला.

मन खात होतं म्हणून ड्राहोमीरा त्याच वळणावर उभी होती, आग विझवायचं नळकांडं घेऊन. तिने फेस मारला, लाथ घालून दार तोडलं आणि अडलेलं वासरू ओढावं तसं भावाला खांद्याला धरून खेचून काढलं. तो किंचाळत होता. ती त्याच्यापेक्षा मोठ्याने शिव्या देत होती.

ओताकार धापा टाकत वर आला. रस्त्यावर पडलेले टाक्याचे दोन तुकडे त्याने उचलले. आतून तांबडा गंज भुरभुरला.

"तुटला, बाबा," रक्ताळलेला राडोवान कण्हला.

"एका शर्यतीपुरताच मारला होता रे."

ड्राहोमीरा बापाकडे वळली. "मग इतकी वर्षं जिभेला काय झालं होतं?"

"परत आल्यावर बदलणारच होतो. पण लोक बघायला यायला लागले." ओताकार रस्त्यावरच बसला. "आणि तुम्ही इतक्या मायेने बिअर लावायचात."

तिने फेसाचं रिकामं नळकांडं भिंतीवर असं फेकलं की दगडाचा टवका उडाला. मग भावाची मांडी बांधायला बसली.

राडोवान वाचला. कुबडी घेऊन तो शेडमध्ये बसतो. टाक्याची उरलेली खुंटं ओताकारने स्वतःच्या हातांनी कापून काढली, पूर्ण दुपार लागली. नवा दांडा अखंड पोलादाचा आहे. तो बसला तेव्हा म्हाताऱ्याने सवयीने बोट बाटलीत घातलं. ड्राहोमीराने फटकन हातावर मारलं.

"प्यायची. लावायची नाही."

राडोवान इतका हसला की कुबडी पडली.

मित्रांनो, मला जपा. माझं कौतुक करा, मला ते फार आवडतं! पण त्याआधी दिवा घेऊन एकदा माझ्याखाली शिरा. आणि मी किर्र केलं, तर कुणाच्या हाताची आठवण काढू नका. करवत काढा.