थिया लुंडालचा मुख्य विषय

अमेरिकन संस्कृती-अभ्यास हा मुख्य विषय घेतला, तर थिया लुंडालचा उघड फायदा एवढाच होता की सेंद्रिय रसायनशास्त्र सुटणार होतं. खरा फायदा मोठा होता. रसायनशास्त्र सुटलं की औषधशास्त्र सुटणार, आणि औषधशास्त्र सुटलं की आजोबांपासून चालत आलेलं औषधांचं दुकानही गळ्यात पडणार नव्हतं. हे ती फक्त आईजवळ बोलली होती, नाताळात, भांडी पुसता पुसता. आणि वडिलांना कळू द्यायचं नाही असं वचनही घेतलं होतं.

कॉलेजचं दुसरं वर्ष संपायच्या आत विषय जाहीर करायचा होता. थियाची आखणी चोख होती. इतिहासाचे दोन कोर्स, वंश आणि स्थलांतरावर एक, लोकसंगीताचा एक, आणि शेवटच्या वर्षी आयोवा राज्यातल्या काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, जत्रांवर प्रबंध. तिचे सल्लागार प्रोफेसर रॅन्समनी ती वाचली, लोकसंगीत वर्षाआड शिकवतात म्हणून ते अलीकडे ओढायला लावलं, आणि सही न करताच पेन खिशात ठेवून दिलं.

त्यांचा रिवाजच होता तसा. विद्यार्थ्यानं आधी घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर बेत सांगायचा, आणि घरच्यांचा पहिला प्रश्न घेऊन यायचं. मगच सही. त्यांचे बरेच विद्यार्थी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी गेले, 'याचा उपयोग काय?' या एका प्रश्नानं गारद झाले, आणि जानेवारीत अर्थशास्त्राच्या वर्गात दिसले. तेव्हापासून ते विद्यार्थ्यांना आधीच लस टोचून ठेवत.

"फोनवर विचारलं तर नाही चालणार?" थियानं विचारलं.

"फोनवर कुणी जेवणाचा काटा खाली ठेवत नाही," प्रोफेसर म्हणाले. "मला काटा खाली ठेवून विचारलेला प्रश्न हवाय."

वसंताच्या सुट्टीत थिया घरी गेली. शुक्रवारी रात्री हॅम होतं, मक्याचं कॅसरोल होतं, आणि थियाचे वडील नॉरिस लुंडाल हवेविषयी बोलत होते. लुंडालांच्या घरात मन दुखावण्यासारखं काही असलं की हवेविषयीच बोलतात. थियानं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. नोकरीच्या प्रश्नाला संग्रहालयं, वर्तमानपत्रं, शाळा अशी उत्तरं तयार ठेवली होती.

नॉरिसनी काटा खाली ठेवला.

"म्हणजे दुकान तुला नको?"

याचं उत्तर तिनं तयार केलं नव्हतं. "नको, डॅड," ती म्हणाली, आणि प्लेटकडे बघत बसली.

मग नॉरिस खुर्चीत असे सैल पडले की तिला वाटलं त्यांना काही झालं.

"सुटलो गं बाई," ते म्हणाले. "गावोगाव शाखा असलेल्या त्या मोठ्या दुकानाचा माणूस दर उन्हाळ्यात आपलं दुकान विकत मागतो. मी दर उन्हाळ्यात त्याला कॉफी पाजून परत पाठवतो. का, तर आमची थिया शिकतेय. गुडघे माझे कधीच राजीनामा देऊन बसलेत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रसायनशास्त्राची एवढी मरमर करत होतीस. कुठल्या तोंडानं बोलू?"

दोघं हसत सुटली. थियाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिला भूक लागली. तिनं कॅसरोल पुन्हा वाढून घेतलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की थियाची आई, आर्लीन, हसत नाहीये. ती शांतपणे हॅम कापत होती.

"मॉम, तुला माहीत होतं?"

"तू मला नाताळात सांगितलंस. यानं त्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, गाडीत. दोघांनीही माझ्याकडून वचन घेतलं," आर्लीन म्हणाली. "मी दिलेलं वचन पाळते."

दक्षिणेतल्या उबदार टूसान शहरात आर्लीनच्या बहिणीनं तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती. थंडीचे महिने तिथं काढायचं ठरलं होतं. पण दुकान चालू, म्हणून काउंटरमागे आर्लीन चालू. बर्फ पडो नाहीतर वादळ येवो, शनिवारी गोळ्या मोजायला तीच.

सुट्टी संपल्यावर सही झाली. थियाला विषय मिळाला, नॉरिसना दुकान विकत घेणारं गिऱ्हाईक मिळालं, प्रोफेसरांना काटा खाली ठेवून विचारलेला एक उत्तम प्रश्न मिळाला. या सगळ्याची किंमत आर्लीननं भरली होती, दोन अख्खे हिवाळे, आणि पावती कुणी दिली नव्हती.