बाबांच्या खिशातला चमचा

टिंग!

काचेच्या पेल्यावर माझा एकच टोला, आणि टेबलावरचं हसू जागच्या जागी थांबतं. दोन्ही मुलांचे हात झटकन मांडीवर जातात. मित्रांनो, तो आवाज माझा. मी एक जुना स्टीलचा चमचा आहे.

माझ्या जन्माची गोष्ट थोडकीच आहे. कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, ठोकून खोलगट केलं, घासून चकचकीत केलं. एका आईने मला घरी आणलं. तिच्या लेकीचा पहिला मऊ घास माझ्यातूनच तिच्या तोंडात गेला. आई आधी फुंकर घालायची, मला स्वतःच्या ओठांना लावून बघायची, मग भरवायची. लेकीला दात येत होते तेव्हा ती मला सोडायचीच नाही, नुसती चावत बसायची. पुढे धाकट्यानेही तेच केलं. ते माझे लाडाचे दिवस.

मग मुलं बाहेर जेवायला नेण्याएवढी झाली, आणि सुट्टीत फिरायला निघताना बाबा मला शर्टाच्या खिशात घालू लागले.

"हॉटेलातले चमचे हलके असतात," ते म्हणायचे. "नीट वाजत नाहीत."

मी वाजलो की हात मांडीवर, हा त्यांचा नियम. मग टेबलाखाली, कोणाला दिसणार नाही असा, मी बोटांच्या पेरांवर सपकन बसायचो. रडायचं मात्र नाही. लोक बघतात.

लोक खरंच बघायचे, कौतुकाने. या सुट्टीतही शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "वा! काय वळण लावलंय पोरांना! नाहीतर आमची माकडं बघा, टेबलाखाली शिरून बसलीत."

"लहानपणीच लावावं लागतं," बाबा हसून म्हणाले.

धाकट्याला त्यांनी एक कबूल केलं होतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक थेंबही न सांडता सुट्टी पार पडली, तर शेवटच्या दिवशी आइस्क्रीम. बिचारा रोज ताटलीवर मान वाकवून, पाखरासारखा जेवायचा. आणि शेवटच्या दिवशी, अगदी शेवटी, सूपचा एक थेंब पडला.

ताईने हळूच आपली बशी त्या डागावर सरकवली. बाबांनी ती दोन बोटांनी उचलली.

टिंग!

आधी ताईच्या पेरांवर, कारण तिने लपवलं. मग त्याच्या. मग बाबांनी वेटरला हाक मारली, "एक आइस्क्रीम आणा." धाकट्याचा चेहरा उजळला. बाबांनी वाटी स्वतःपुढे ओढली आणि मलाच हातात धरून, सावकाश, खाऊ लागले.

"बघ, असं खातात. सांडलं का कुठे?"

त्यांच्या प्रत्येक घासाला पोर आवंढा गिळत होतं.

मित्रांनो, मला चकाकी नको, मखमलीचा डबाही नको. माझ्यात काहीतरी ऊन ऊन घ्या, फुंकर घाला आणि कुणाला तरी भरवा. हात थरथरून सांडलं तर पुसून टाका. मी त्यासाठीच घडलो होतो.

धाकट्याच्या गालावर शेवटी एक थेंब ओघळलाच. आईने तो पुसायला हात पुढे केला.

टिंग!

आईचे दोन्ही हात झटकन मांडीवर गेले.

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"आई, तुझं काय सांडलं?"