पाती नसलेला पंखा

लाख वितळताना बांगड्यांच्या दुकानासारखा वास येतो.

उमरग्यात सकाळपासून झाडाचं पानही हललेलं नाही.

मागच्या वर्षी तुळजापूर शाखेच्या व्यवस्थापकाने कुणाचे तरी देवाचे टाक परत द्यायला एका घराचं सील तोडलं. चौकशीत बँकेची बाजू क्षमाने मांडली. तो अजून निलंबित आहे.

फोटोतल्या पंख्याला पाती नव्हती.

क्षमाने फोटो बोटांनी मोठा केला. उमरग्याहून परतताना गाडी अणदूरच्या फाट्यावर चहाला थांबलेली. ड्रायव्हर रामकिसन बशीत चहा ओतत होता. फोटो सकाळचाच, उमरग्यातल्या घराचा. ट्रकचे सुटे भाग विकणारा गौरीशंकर कर्ज थकवून हैदराबादला गेला होता, आणि बँकेने आज त्याच्या घराचा ताबा घेतला होता. मधल्या खोलीतून काढलेल्या त्या फोटोत मागच्या पत्र्याच्या खोलीचा पंखा दिसत होता. पाती दिसत नव्हती, म्हणजे तो गरगर फिरत होता. त्यानंतर क्षमा आणि बँकेच्या माणसांनी मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, त्यावर सीलची लाख ओतली.

रिकाम्या घरात पंखा कुणासाठी चालू होता?

तिने उमरगा शाखेच्या उत्कर्षला फोन लावला. तो हसला. गौरीशंकरने फोनवर सांगितलंय, त्याचा म्हातारा बाप लेकीकडे बसवकल्याणला आहे, म्हणाला.

"आन् मॅडम, पळून जाणारा माणूस पंखा बंद करून जातो व्हय?"

तिला हसू आलं नाही.

क्षमा बँकेची विधी अधिकारी. पूर्वी त्या खुर्चीतला माणूस कागद वाचून खाली लिहायचा, चालेल किंवा चालणार नाही. कुलपं घालायला दुसरे जायचे. मग मुंबईहून हुकूम आला, कायदा कळणारा माणूस दारातच उभा हवा. तेव्हापासून सीलवर सही क्षमाची असते. वडील, तात्याराव, गावभर सांगतात, आमची पोरगी बँकेची वकील. कुलपांचं तिने त्यांना सांगितलेलं नाही.

मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या वैदेही मॅडमनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. उद्या परवानगी घेऊ, पंच बोलावू, कॅमेरा लावू, रीतसर उघडू, म्हणाल्या. सील एकट्याने तोडायचं नाही, हा नियम तूच लिहिलायस.

"मॅडम, आत माणूस असला तर?"

"आणि नसला तर?"

क्षमाने फोन ठेवला. पत्र्याची खोली, बंद पंखा, रस्त्यावर वितळू लागलेलं डांबर. तिने चहा तसाच टाकला आणि गाडी वळवायला सांगितली. जळकोट आलं. रामकिसन म्हणाला, "मॅडम, म्या गाडीतच बसंन. मला काय दिसलं न्हाय."

"बस."

दाराची लाख तशीच होती, लालभडक. क्षमाने कडी वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. आतून काहीच नाही. तिचा जीव थोडा भांड्यात पडला, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

समोरच्या ओट्यावरून शेजारीण सिताबाई म्हणाली, "कडी कशाला वाजवताव? अज्जाला ऐकू येत न्हाय."

"ते लेकीकडं आहेत ना?"

"गेलते. परवा आले की माघारी."

"सकाळी का नाही बोललात?"

सिताबाईने पदर तोंडाला लावला. "पोलीस हुते. पोलिसापुढं कोन बोलतंय, बाई?"

किल्ली पर्समध्येच होती. लाख क्षमाने नखांनी खरवडली, निघेना, मग किल्लीच्या टोकाने फोडली. तुकडे उंबऱ्यावर पडले. दार ढकललं तसा आतला उकाडा भट्टीसारखा अंगावर आला. मधली खोली ओलांडताना तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

गौरीशंकरचे वडील शरणप्पा पत्र्याच्या खोलीत खाटेमागे भिंतीला टेकून बसले होते. घागर आडवी पडलेली, धोतर छातीपर्यंत ओलं. डोळे मिटलेले. क्षमाने त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

डोळे उघडले. म्हाताऱ्याने अनोळखी बाईकडे पाहिलं, धोतर सावरलं, मग वर पंख्याकडे पाहिलं.

"लाईट लई येळ गेली आज," ते म्हणाले. "बसा की. पानी मातर संपलं."

क्षमा जमिनीवरच बसली. पर्समधला फोन वाजत राहिला.

सकाळी कुलूप लावण्याआधी मधल्या खोलीत उभं राहून तिने दोनदा हाक मारली होती.