झाकणाखालचं फडकं

त्या घरात दिवसा रात्र असे. खाली बेकरी, वर दोन खोल्या आणि त्यांच्यावर गच्ची. घरचा कर्ता माणूस बेकर. रात्र चढली की भट्टी पेटवायची, पहाटेपर्यंत पाव आणि बिस्किटं काढायची, गिऱ्हाईक सुरू झालं की वर येऊन आडवं व्हायचं ते थेट ऊन उतरल्यावर उठायचं, हा त्याचा क्रम. त्याची झोप ही त्या घरातली सगळ्यांत नाजूक वस्तू होती. काचसामानाला जपावं तसं सगळे तिला जपत.

खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले होते. दारावरची घंटी तार कापून मुकी केलेली होती. चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही, ही तर बेकरच्या बायकोला लग्नानंतर मिळालेली पहिली शिकवण. शिकवणारी तिची थोरली नणंद. ती खाली गल्ल्यावर बसे आणि घराचा कारभार तिथूनच, नुसत्या भुवया वरखाली करून हाके. घरात बोलायचं ते कुजबुजून, हसायचं ते ओठ मिटून आणि भांडायचं झालंच तर तेही कुजबुजून. कुजबुजत भांडताना दम फार लागतो, त्यामुळे भांडणं लवकर संपत. एवढा एक फायदा आहे खरा, असं बेकरच्या बायकोला वाटे.

त्यांची नऊ वर्षांची मुलगी मनी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण पाऊल न वाजवता चालायची म्हणून घरात मनी. ती दुडुदुडु पळायला लागली तेव्हा आत्याने तिला मांडीवर ओढून हातात बिस्किटाचा तुकडा दिला होता. तुकडा संपेपर्यंत पोर हलत नाही, हा शोध त्या दिवशी लागला आणि मग घरात तो डबा आला.

भट्टीतून काढताना तुटलेली, कडेला करपलेली, वेडीवाकडी फुगलेली सगळी बिस्किटं त्या डब्यात पडत. केकच्या कापून टाकलेल्या कडाही पडत. विकायला ठेवता येत नाही आणि फेकून द्यायला जीव होत नाही, असा तो सगळा माल. मनी शाळेतून आली की डबा मांडीवर घेई आणि आवाज बंद केलेला मोबाइल हातात. बाबा उठेपर्यंत ती जागची हलत नसे. डब्याचं पत्र्याचं झाकण उघडताना खणकन वाजायचं, म्हणून मनीच्या आईनेच एक दिवस त्याला आतून फडकं चिकटवलं. तेव्हापासून डबा कधी उघडला आणि कितीदा उघडला, हे कुणाला कळायचंच बंद झालं.

संध्याकाळी बाबा उठले की घराला कंठ फुटे. टीव्ही लागे, गप्पा होत, आणि मनीला तेव्हा झोप म्हणणार कोण? बाप दिसायचा तो तेवढाच वेळ. सकाळी मग तिला अर्धवट झोपेत उभं करायचं, चहात बुडवलेलं बिस्किट तोंडात द्यायचं आणि शाळेला लावून द्यायचं.

एके दिवशी शाळेचा जिना चढताना मनी मधेच खाली बसली. दम लागून ओठ पांढरे पडले. बाईंनी निरोप पाठवला, मुलीला डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या आणि चष्मा कपाळावर ठेवून बोलायच्या.

"काय काय खेळते?" त्यांनी विचारलं.

"खेळण्याचं काही वेड नाही हो तिला," मनीची आई कौतुकाने म्हणाली. "फार गुणी आहे. बसवाल तिथे बसते."

"पळते?"

"घरात तिचे बाबा झोपलेले असतात ना."

"उठतात कधी?"

"संध्याकाळी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा नाकावर आणला आणि मनीची कॉलर जरा मागे केली. मानेवर काळसर, जाडसर पट्टा होता आणि त्यावर लाल ओरखडे. मनीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज घासते हो मी. साबण झाला, वजरी झाली. मळ निघतच नाही."

"घासू नका. तो मळ नाहीच." बाईंचा आवाज मऊ होता. "गोड आणि मैदा सारखा पोटात जात राहिला, अंग हललं नाही, झोप पुरली नाही, की शरीराला साखर आवरेनाशी होते. मग कधीकधी ते अशी खूण करतं. आपण रक्त तपासू."

रक्त तपासून झालं. बाईंनी मनीलाही समोर बसवूनच सांगितलं. आजार अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर येऊन उभा आहे. इथून तो परत पाठवता येतो. वेळेवर साधं जेवण हवं, ताटात भाजी आणि फळं हवीत, झोप लवकर हवी आणि रोज घाम येईपर्यंत उड्या नाहीतर पळापळ हवी. "आणि हे एकट्या लेकराच्या डोक्यावर टाकू नका," त्या म्हणाल्या. "तिला कुणी जाडी म्हणायचं नाही. सवयी घराने लावल्यात, त्या घरानेच मोडायच्या."

रस्त्याने मनी आईचा हात धरून चालत होती.

"आई, मग आता तू मान घासायची नाहीस?"

"नाही."

"बरं झालं. झोंबायचं फार."

मनीच्या आईला पुढचा रस्ता नीट दिसेना. पण घर आलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

नणंदेने गल्ल्यावरूनच भुवई उंचावली आणि सगळं ऐकून घेतल्यावर ती खाली आणली.

"आपल्या बिस्किटांवर अख्खी आळी वाढली," ती कुजबुजली. "कुणाची मान काळी झाली?"

"आळी दोन बिस्किटं खाते, वन्सं. ही डबा खाते."

"हाड मोठं आहे पोरीचं. माझ्यावर गेलीय."

"तुम्ही तिच्याएवढ्या होतात तेव्हा शाळेतून आल्यावर काय करायचात?"

"मी? मला कुठली उसंत, पिठाची पोती ओढायचे मी." एवढं बोलून नणंद थबकली आणि समोर गिऱ्हाईक नसताना पाव मांडायला लागली.

मनीच्या आईने डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला. मनी रडली नाही, त्या घरात रडायची सवयच नव्हती. ती ओठ घट्ट मिटून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तू पण खातेस चहाबरोबर."

मनीच्या आईच्या हातातलं बिस्किट तेवढ्यात मोडून कपात बुडालं. तिने चहा मोरीत ओतला. त्या दिवसापासून तिचंही बिस्किट बंद झालं. पुढे काही दिवस तिचं डोकं ठणकत होतं, आणि त्याबद्दल कुणी तिची विचारपूस केली नाही.

खाण्याचं असं मार्गी लागत होतं. पळायचं कुठे, हा प्रश्न होता. रस्त्यावर मालाच्या गाड्या. शाळेचं मैदान शाळा सुटली की कुलपात. बाग लांब, आणि दुपारी पावाची पाकिटं भरायला मनीची आई खाली लागायचीच. उरली गच्ची, आणि गच्चीच्या बरोबर खाली बेकरचा पलंग.

डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो अर्धवट झोपेत "बघू" म्हणाला होता. त्या घरात बघू म्हणजे नाही. आणि त्याचंही खोटं नव्हतं. मागे शेजारी बांधकाम निघालं तेव्हा त्याला दिवसा झोप मिळेना. एका पहाटे डोळा लागला आणि हात भट्टीच्या दाराला टेकला. कोपरापासून मनगटापर्यंत त्याची खूण अजून होती. हे सगळं मनीच्या आईला ठाऊक होतं. तरी तिने दोरी आणली.

भर दुपारी दोघी गच्चीवर उभ्या राहिल्या.

"मार उडी."

"वाजेल."

"वाजू दे."

"बाबा उठतील."

"उठू दे."

आईला ताप चढला असावा, अशा नजरेने मनीने तिच्याकडे पाहिलं. मग तिने उडी मारली, पण गुडघे वाकवून, चवड्यांवर, मांजरीसारखी. दोरी पायात अडकली.

"मनी नको होऊस आत्ता. पाय आपट."

धप. मग थांबून दुसरी. मग लागोपाठ धप, धप, धप. मनीला हसू फुटलं आणि स्वतःचा एवढा मोठा आवाज ऐकून ती दचकलीच.

नणंद धापा टाकत वर आली. "वेड लागलंय का तुला?" ती कुजबुजली.

"पोरीला खेळवतेय," मनीची आई म्हणाली.

ती ओरडली नाही. चारचौघात बोलतात तसं साध्या आवाजात बोलली. पण त्या गच्चीवर ते हातातून परात पडल्यासारखं वाजलं. नणंदेने ओठांवर बोट ठेवलं. सवयीने मनीच्या आईचाही हात ओठांकडे गेला, तो तिने अर्ध्यातून खाली घेतला.

"हळू बोल, वहिनी."

"या घरात आल्यापासून हळूच बोलतेय मी. मला वाटायचं, पोर शांत बसते म्हणजे शहाणी आहे. शहाणी कसली, वन्सं, दमलेली होती ती."

"आणि त्याचा हात पुन्हा भाजला तर?"

याच प्रश्नाने मनीच्या आईला आधी दोनदा दोरी खाली ठेवायला लावली होती. "तो भाजू नये म्हणून काय करायचं ते आपण मोठ्यांनी शोधू," ती म्हणाली. "त्याच्यासाठी पोरीने आपलं शरीर का बिघडवून घ्यायचं?"

जिन्यात बेकर उभा होता. गालावर उशीच्या सुरकुत्या, डोळे लाल.

"काय चाललंय?" त्याने कुजबुजत विचारलं. मनीने दोरी पाठीमागे लपवली.

"उड्या मारतेय ती."

"आत्ता? मी झोपायचं कुठे?"

"खाली, पिठाच्या कोठीत. भिंतींना छतापर्यंत पोती लागलीत. तिथे हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"घरच्या धन्याला गड्यासारखं कोठीत झोपवतेस?" नणंदेला कुजबुजणं जड जाऊ लागलं होतं.

"मी नाही जाणार. उंदीर आहेत तिथे," बेकर म्हणाला.

"हळू. गिऱ्हाईक उभं आहे खाली," नणंद म्हणाली.

"उद्यापासून हे बंद." एवढं बोलून बेकर खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा गच्चीवर. बेकर उशी काखेत मारून वर आला, जरा उभा राहिला आणि परत गेला. संध्याकाळी तो बायकोशी बोलला नाही. रात्री तो कामाला निघाला तेव्हा मनीने त्याच्या हातावरची खूण पाहिली.

तिसऱ्या दुपारी मनीनेच दोरी खाली टाकली. "नको, आई. माझ्यामुळे बाबांचा हात भाजेल."

मनीच्या आईने दोरी उचलली. पदर खोचला. "तू बस. आज मी मारते."

आणि तिने उड्या मारल्या. गुडघे कुरकुरले, अंबाडा सुटला, टाचा नवऱ्याच्या पलंगावर बरोबर नेम धरल्यासारख्या आदळत राहिल्या. मनी आधी बघतच राहिली. मग उठली आणि आईच्या दोरीत शिरली.

बेकर वर आला तेव्हा दोघी घामाने निथळत होत्या. तो भांडायच्या तयारीनेच आला होता. पण मनी पाठमोरी होती, केस वर बांधलेले, मानेवर ऊन. आपल्या मुलीला उन्हात त्याने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हे काय लागलंय मानेला?"

"आईने घासलं होतं," मनी म्हणाली. "पण तो मळ नव्हता, बाबा. आतलं होतं. उड्या मारल्या तर जाईल म्हणाल्या डॉक्टर."

बायकोने हेच आपल्याला सांगितलं होतं आणि आपण बघू म्हणालो होतो, हे त्याला आठवलं असावं. त्याने ओरखड्यांवर हळूच बोटं ठेवली, काखेतली उशी सावरली आणि तो जिना उतरू लागला. खोलीच्या दाराशी पावलं थांबली नाहीत. आणखी खाली गेली.

"त्या कोठीत पिंजरा लावा रे कुणीतरी," खालून त्याचा आवाज आला. भर दुपारी, मोकळ्या गळ्याने.

त्यानंतर मनीची आई घरात आली. तिने डबा फळीवरून खाली काढला, सुरीने झाकणाखालचं फडकं खरवडून टाकलं आणि डबा पूर्वीच्या जागी ठेवला. ज्याला खायचं त्याने खावं, पण वाजवून.

मनी अजून फार उड्या मारू शकत नव्हती. पुढच्या तपासणीत काय निघेल, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. पण आता अंधार पडताच तिचं जेवण होई, आणि भट्टी पेटायच्या आत ती झोपलेली असे.

एका दुपारी ती गच्चीवर असताना खालून खणकन आवाज आला. मनी दोरी हातात धरून जिन्याशी गेली.

"आत्या, ऐकलं मी."

मग आत्याचा आवाज, चांगला खणखणीत. "एकच घेतलं गं चहाबरोबर."

"वर या, वन्सं," मनीची आई म्हणाली. "दोरी रिकामी आहे."

"मला नाही झेपायचं. हाड मोठं आहे माझं."

"मग तर छान वाजेल," मनी म्हणाली आणि दोरीचं एक टोक तिने जिन्यात खाली सोडलं.