भुकेल्याला फसव, बापाला नको

"भुकेल्याला फसव, पोरी. बापाला फसवू नकोस. बर्चला उंदराचे कान फुटले, की तू आपली खिळ्यावर. कळलं?"

हे शब्द मला सांगितले गेले तेव्हा मला डोळेसुद्धा नव्हते. नुसता सीडरच्या लाकडाचा एक तुकडा होते मी, अर्धवट सोललेला. पण शब्द आत उतरले. लाकूड ओलं असताना त्यात जे शिरतं ते पुढे कधी निघत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मासोळी आहे. गळाला बांधून पाण्यात सोडायची, खऱ्या माशाला भुलवायची, अशी खोटी मासोळी. म्हणजे माझा जन्मच मुळी फसवण्यासाठी झाला. तरी आज मी तुमच्यापुढे तक्रार घेऊन आले आहे, आणि तक्रार फसवणुकीचीच आहे. हसू नका. खोट्यालाही एक मर्यादा असते. मला घडवणाऱ्यानं पोहायच्या आधी मला तीच शिकवली.

त्याचं नाव रेइनो कांगास. मिशिगनच्या उत्तर टोकाला कुर्की नावाचं तळं आहे, त्याच्या काठी त्याचं घर. दिवसभर लाकडाच्या गिरणीत करवतीपाशी उभं राहायचं आणि शनिवारी सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, लालबुंद होऊन बाहेर आलं, की पायरीवर बसून कमरेच्या सुरीनं काहीतरी कोरायचं, असा त्याचा नेम. मला कोरलं ते एका मोडक्या होडीच्या फळीतून. हिरवा रंग स्वयंपाकघरातल्या कपाटाचा उरलेला. डोळे म्हणजे त्याची बायको सिल्वी हिच्या तुटलेल्या माळेतले दोन तांबडे मणी. आणि पाण्यात डुलत चालण्यासाठी मला जी पत्र्याची जीभ हवी होती, ती त्यानं कॉफीच्या चमच्याची केली.

"रेइनो, माझे चमचे सहा होते."

"असतील."

"आता पाच आहेत."

"मग सहावा माणूस कॉफीला आला, तर त्याला म्हणावं बोटानं ढवळ."

सिल्वीनं मला उचलून उन्हात धरलं, चमचा ओळखला, मणी ओळखले. "माळ माझी, चमचा माझा, आणि लाड हिचे! सवत आणली आहेस घरात," असं म्हणाली आणि हसली. पण जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानताना त्या दिवशी तिनं माझंही नाव घेतलं, हे मी खिडकीतून ऐकलं.

रेइनोनं माझ्या गळांचे उलटे काटे कानशीनं घासून टाकले होते. मासा तोंडातून सहज सुटावा, फाटू नये म्हणून. शेजारी हसायचे. "असल्या गळातून मासा निसटेल की!" रेइनो म्हणायचा, "निसटू दे. त्यालाही घरी जाऊन सांगायला काहीतरी हवं."

वसंत म्हणजे आमचा सुगीचा काळ. तळ्यावरचा बर्फ एके दिवशी कण्हत फुटायचा, वारा त्याचे तुकडे काठावर ढकलायचा, आणि खाली पाणी उघडं पडायचं. इतकं नितळ, की खोलवरचा एकेक दगड मोजावा. हिवाळाभर अर्धपोटी राहिलेले बास मासे खडकाळ टोकाशी यायचे. तांब्याच्या रंगाचे, लाल डोळ्यांचे, अंगावर आडवे पट्टे. रेइनो पहिल्यांदा गळ टाकण्याआधी टोपी काढायचा, आणि मग मला सोडायचा. मी थंड पाण्यात डुलत निघाले की मागून सावली यायची आणि धाडकन ओढ बसायची! काय ती ताकद, काय त्या उड्या! तो भुकेला होता, मी खोटी होते, आणि खेळ सरळ होता. एखादा बास सिल्वीच्या लोण्यातल्या तव्यावर जायचा, बाकीचे पाण्यात परत. माझ्या पाठीवर पाईक माशाच्या दातांचे ओरखडे आहेत. ते मी दागिन्यासारखे मिरवते.

मग एका सकाळी काठावरच्या बर्चला पालवी फुटायची. पानं उंदराच्या कानाएवढी झाली, की रेइनो ती बोटांनी चाचपायचा आणि मला सोडून खिळ्यावर टांगायचा. आता थेट यूहान्नुसपर्यंत, म्हणजे मधल्या उन्हाळ्यात काठावर मोठी आग पेटवतात त्या सणापर्यंत सुट्टी.

का, ते सांगते. त्या दिवसांत बासचा नर उथळ पाण्यात येतो. शेपटीनं वाळू, गाळ झाडून काढतो आणि खड्यांचं गोल, स्वच्छ अंगण करतो. झाडून झाडून त्याच्या शेपटीची खालची कड रक्ताळते. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. उरतो बाप. अंड्यांवर पंखांनी वारा घालत, दिवसरात्र, अन्नाला न शिवता. पर्च मासे टपून असतात, त्यांना हाकलायचं आणि परत जागेवर यायचं. पिल्लं काळ्या ठिपक्यांसारखी वर उठून पोहायला लागेपर्यंत त्याचा उपास सुटत नाही. एवढं कडक व्रत मी माणसांतही फार पाहिलं नाही.

कांगासांच्या घरासमोरच्या खाडीत अशी घरटी पूर्वी पुष्कळ असत. पुढे काठावर घरं झाली, धक्के झाले, घरटी कमी कमी होत गेली. रेइनोनं शेवटच्या आजारात सिल्वीचा हात धरला आणि म्हणाला, "खाडीवर लक्ष ठेव. आग पेटेपर्यंत कुणाचा गळ पडू देऊ नकोस." तिनं शब्द दिला. तेव्हापासून दर वसंतात ती सपाट खडकावर विणकाम घेऊन बसायची. कुणाची होडी वळली, की नुसती उभी राहायची. ओरडायची नाही. लोक आपणहून माघारी जात.

मी मात्र सौनाबाहेरच्या खोलीत खिळ्यावरच राहिले. रेइनो गेल्यावर मला कोण पाण्यात नेणार? वाफेनं माझ्या रंगाला फोड आले, एका डोळ्याची चकाकी गेली. पण मी रुसले नाही. विसरलं जाणं सोसता येतं, मित्रांनो. जे सोसता येत नाही, ते आता सांगते.

यंदा सिल्वीचं खुब्याचं हाड मोडलं. काठीशिवाय पाऊल टाकता येईना, खडक तर दूरच. तिनं रूडीला बोलावलं. रूडी हा रेइनोच्या बहिणीचा मुलगा. वयानं पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसतमुख. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्याच्या पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत.

"रूडी, यंदा खाडी तुझ्याकडे," सिल्वी म्हणाली.

"बस एवढंच, मामी? मला वाटलं छप्पर शाकारायला सांगतेस. बसेन की खडकावर. विणायला मात्र सांगू नकोस."

"हसू नकोस. शब्द दे."

"दिला. मामाची शपथ." मग वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत त्यानं सौनाच्या उघड्या दारातून माझ्याकडे बोट केलं. "ती मासोळी देतेस का? शनिवारी आमच्याकडे बास पकडायची स्पर्धा आहे. भिंतीवर लावतो. मामाची कारागिरी लोक बघतील तरी."

"बघायला ने. पाण्यात घालू नकोस. उंदराचे कान फुटलेत."

"मामी, मी याच तळ्यात वाढलोय."

हो, वाढला होता. म्हणून तर माझा संताप शमत नाही! अजाण माणसानं केलं असतं, तर मी त्याला क्षमा केली असती.

शनिवारी कुणालाच मासा लागेना. लागणार कसा? मोठे मासे उपास धरून बसलेले. ब्रँट नावाचा एक पाहुणा रूडीच्या होडीत होता. बिचारा भला माणूस, पण पहाटेपासून रिकामा बसून कंटाळलेला.

"रूडी, तुझ्या तळ्यात मासे आहेत, की नुसती जाहिरातच आहे?"

रूडीचे कान लाल झाले. त्यानं होडी वळवली. कुठे, ते तुम्ही ओळखलं असेल. खाडीचं पाणी आरशासारखं होतं. नितळ माणसाचं जे होतं, तेच नितळ पाण्याचं होतं. त्याला काही लपवता येत नाही. तळाशी तो पांढरा गोल स्पष्ट दिसत होता आणि त्याच्यावर पंख हलवत उभा असलेला बाप.

"अरे बापरे, केवढा आहे!" ब्रँट कुजबुजला.

"माझ्या मामाची मासोळी आणलीय," रूडी म्हणाला. "लगेच सोडून द्यायचा त्याला. आपण काही मारत नाही."

आणि त्यानं मला बांधून, दोऱ्याला शिशाचं वजन लावून, त्या अंगणाच्या मधोमध सोडलं.

मित्रांनो, मी अंड्यांवर जाऊन पडले. मोत्यांसारखी चिकटलेली अंडी माझ्या पोटाखाली! तो आला. आधी नुसती धडक दिली. मी हलले नाही, दोरा ओढल्याशिवाय मला हलता येत नाही. मग त्यानं अगदी हलकेच मला तोंडात धरलं, आणि उचलून बाहेर नेऊ लागला, अंगणात पडलेली काडी उचलावी तसा. तो मला खायला आला नव्हता. मला दाराबाहेर ठेवायला निघाला होता. आणि तेवढ्यात वरून झटका बसला.

याला का शिकार म्हणायची? याला कौशल्य म्हणायचं? उपास धरलेल्याच्या तोंडात गळ अडकवायचा आणि वर म्हणायचं, कसा फसला बघा! फसला कुठे? तो तर त्याचं काम करत होता. माझी फसवण्याची सारी विद्या तिथे लागलीच नाही. माझ्या जागी दगड असता, तरी त्यानं उचलला असता.

त्याला होडीतल्या पाण्याच्या टाकीत टाकलं आणि होडी वळली. मी गळाच्या काठीला लोंबकळत होते, मला मागचं दिसत होतं. पट्टेरी पर्च अंगणात उतरले होते.

पलीकडच्या धक्क्यावर टाळ्या पडल्या. वजन झालं, फोटो झाले, मग कॉफी झाली, मग ज्यांचा फोटो राहिला होता त्यांचे झाले. सिल्वी तिथे आली होती. चर्चच्या बायकांनी पाव भाजले होते, ते घेऊन. तिनं आधी मला पाहिलं. माझ्या जिभेवर अजून ओल होती. मग ती काठी टेकत टाकीपाशी गेली आणि त्या माशाची रक्ताळलेली शेपटी पाहिली.

"रूडी, हा कुठला?"

"तळ्यातला, मामी!" लोक हसले.

"तळं मलाही ठाऊक आहे. कुणाच्या दारातला, ते विचारते."

ब्रँटच मध्ये पडला. "बाई, काळजी करू नका. त्याला आम्ही सोडतोय आत्ता, इथूनच. जिवंत आहे अगदी."

सिल्वीचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "पाळण्यापाशी बसलेल्या माणसाला उचलून कुणी दुसऱ्या गावच्या बाजारात नेलं, त्याचं वजन केलं, आणि मग म्हटलं, जा बाबा, सोडला तुला. तर त्यानं उपकार मानायचे का हो?"

ब्रँटनं हातातला कप खाली ठेवला. "पाळणा? रूडी, हे मला का नाही सांगितलंस?"

"मामी, एकच तर मासा..." रूडी पुटपुटला.

"एकच शब्द होता, रूडी. तोही मी तुझ्याजवळ ठेवायला दिला होता."

ती एवढंच बोलली. रूडीनं टाकीकडे पाहिलं. मग त्यानं कपडे भिजवायचा मोठा टब आणला, तळ्याच्या पाण्यानं भरला, दोन्ही हात ओले करून मासा त्यात ठेवला आणि वल्ह्यांची होडी सोडली. मोटर नको, खाडीत लाटा उठतात, हे त्याला आता आठवलं. मी अजून गळाच्या काठीलाच होते, आणि टबाबरोबर काठीही होडीत आली. गडबडीत मला कुणी सोडलंच नव्हतं.

अंगणात पर्चांची जत्रा भरली होती. रूडीनं टब कलता केला. मासा क्षणभर पाण्यात तसाच उभा राहिला, दमलेला, कल्ले उघडमीट करत. मला वाटलं, गेला आता हा. मग पाण्यात एक तांबूस रेघ उमटली आणि पर्च पाचोळ्यासारखे उडाले. एका कडेला खड्यांच्या खाचेत थोडी अंडी उरली होती. फार थोडी. तो त्यांच्यावर येऊन उभा राहिला आणि वारा घालू लागला, जणू सगळीच्या सगळी होती.

रूडी टोपी काढून बसला होता. रेइनो बसायचा तसा.

मी आता पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. सिल्वीनं मला पुसलं, फोड आलेल्या रंगावर बोट फिरवलं, आणि म्हणाली, "तुझा काही दोष नाही गं." पण मित्रांनो, माझा राग गेलेला नाही, आणि जाऊही नये. "सोडून दिला" या शब्दाच्या आड फार काही लपवलं जातं. ज्याला सोडता, त्याला कुठून उचलला होता, तेही बघा. मला निवृत्ती नको आहे. बर्फ फुटल्यावर भुकेल्या माशांमागे मला खुशाल न्या, मी जीव तोडून डुलेन. पण कान फुटले की मला टांगून ठेवा. तुमच्या गावच्या पाण्यातही कुणी ना कुणी असा उपाशी बसलेला असेल. त्याचा काळ विचारा, आणि मगच गळ टाका.

आज सकाळी धुकं अजून पाण्यावर होतं, तेव्हा खिडकीतून मला रूडी दिसला. अंगात मामाचा जुना कोट, बगलेत कॉफीची बाटली, एका हातात बसायची उशी. सिल्वी दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तिनं मान हलवली. यूहान्नुसची आग अजून फार लांब आहे. तो ओल्या गवतावरून, सपाट खडकाच्या दिशेनं चालू लागला.